बनू जाईल त्या दिवशी वाजवायचे स्पीकर

३ नोव्हेंबर, सोमवार

नर्सबाई म्हणाली, आजी, बीपीची गोळी चालू केलीय, तर रोजचा आकडा लिहून ठेवा. माझ्या लेकानं, रवीनं, खताच्या दुकानातून आलेली कोरी डायरी पुढं केली. मला अक्षर येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मग नातीला बसवलं. स्नेहल पाथर्डीला कॉलेजात जाते, तिचा हात झटपट चालतो. आकडा लिहून झाला तरी पान उरलं. एवढं पान वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून मी बोलते आणि ती लिहिते. लिहिता लिहिता माझं बोलणं सरळ करते. त्यावरून आमचं भांडण चालू आहे.

आज १४०, खाली ८८.

बातमी अशी की भिंतीपलीकडची बनू जाणार. बनुबाई माझी धाकटी जाऊ. घर एकच होतं, मधी भिंत घातली. तिचा माणूस गेला, मुलगा नाही, आता मुलगी सत्यशीला तिला कायमची संगमनेरला नेणार. सोळा तारखेला, रविवारी, जीप येईल.

छत्तीस वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. बोलायचं झालं तर बनूच्या शेळीशी बोलतो. ती तिच्या अंगणातून शेळीला ऐकवते, मी माझ्या ओट्यावरून त्याच शेळीला उत्तर देते. आताची ढवळी ही नववी का दहावी शेळी असेल. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

कारण सांगते. माझ्या आईनं लग्नात मला गोधडी दिली होती, तिच्या हिरव्या, पिवळ्या काठाच्या लुगड्याची. दुसऱ्याच वर्षी आई गेली. गोधडी मी कधी पांघरली नाही, ट्रंकेत ठेवली. आणि रवी चौथीत होता त्या साली ती ट्रंकेतून गेली. तेव्हा घरात भिंत नव्हती, बाई म्हणाल तर मी आणि बनू. मी तिला खंडोबाच्या पारावर उभं केलं, सगळ्या गावादेखत. म्हटलं, बेलभंडाऱ्यावर हात ठेव आणि म्हण, गोधडी कुठं आहे मला माहीत नाही. तिनं हात पुढं केला, मागं घेतला, आणि खाली बघत राहिली. शपथ घेतलीच नाही. गावाला जे समजायचं ते समजलं. त्याच हिवाळ्यात भिंत आली.

तर ती जीपमध्ये बसेल तेव्हा मी गाणी लावणार आहे. मोठ्यानं. शेवटच्या घरापर्यंत जातील अशी.

त्यासाठी रवीच्या वडिलांचे स्पीकर काढलेत. ते नागापूरच्या एमआयडीसीत मोटारी भरायचे, वायर गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पॅकिंगच्या फळ्या आणून त्यांनी ह्या दोन पेट्या घरी बनवल्या. माझ्या कमरेएवढ्या आहेत. त्यांचा जुना ॲम्प्लिफायर कधीच मेला, पाठोपाठ तेही गेले, अकरा वर्षं झाली. स्नेहल म्हणते, आजोबांचं नाव लिहू का. नको म्हटलं. मी घेत नाही, तर माझ्या डायरीत कशाला.

दिवाळीला रवीनं नवा ॲम्प्लिफायर आणलाय. चपटा, डब्यासारखा. मोबाईलवरची गाणी त्यात येतात, माईकपण आहे. उद्या जोडणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

१४४.

रवीनं तारा जोडल्या. सनईचा आवाज असा निघाला की मांडणीवरची ताटं थरथरली. मी ओट्यावर येऊन बसले, पलीकडं बघितलंसुद्धा नाही. चहाला उकळी येईपर्यंत वाजलं असेल, मग टक्क झालं आणि सगळं मुकं. ॲम्प्लिफायरवर हात ठेवला तर तव्यासारखा.

रवीनं थांबून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

पलीकडून बनूचा आवाज आला, "काय गं ढवळे, वरात वेशीतच अडली व्हय?"

मी म्हटलं, "ढवळे, तुझ्या बाईला सांग, अजून बारा दिवस हायेत."

रवी म्हणाला, "आई, स्पीकरच मेलेत. भंगारात देऊ, नवे आणू."

"तुझ्या बापानं केलेत ते. भंगारात द्यायचं तर मला आधी दे."

छत्तीस वर्षं मी त्या पेट्यांवरून रोज फडकं फिरवलंय. देवाच्या फोटोवरून एवढं फिरवलं नसेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आकडा सकाळी १४२ होता. आता किती असेल ते बघायचं नाही.

पाथर्डीहून कानिफनाथ आला. नागापूरला रवीच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला, त्यांना मास्तर म्हणणारा, आता त्याचं रिपेरिंगचं दुकान आहे. साठीचा झाला तरी मला वाकून नमस्कार करतो. चहा घेतला, ॲम्प्लिफायर उलटा करून मागचं वाचलं, मग मीटरच्या दोन सळया पेटीमागच्या स्क्रूंना लावल्या.

"वहिनी, ह्यावर लिहिलंय आठ ओहम. तुमचा स्पीकर हाय चारचा."

"आठ जास्त का चार जास्त?"

"अडवण्याला आठ जास्त. विहिरीवरच्या मोटारीचं बघा. पाईप फुटला, पानी मोकळं सुटलं, की मोटार जादा करंट ओढती अन् तापती. तसं हाय. समोरून कुनी अडवीत न्हाई म्हनून ॲम्प्लिफायर जीव तोडून ढकलतोय. त्याला बंद पडायची अक्कल हाय म्हनून वाचला."

"मग आमच्या घरच्यापेक्षा शहाणा म्हणायचा."

तो हसला. दुसऱ्या पेटीला सळया लावल्या तर मीटर कधी चार दाखवी, कधी काहीच नाही. म्हणाला, आत तार सुटली असंल, उघडावं लागंल. चार स्क्रू काढले, गोल स्पीकर बाहेर ओढला. त्याच्या पाठीवर चारचा आकडा छापलेला होता, तो त्यानं स्नेहलला दाखवला. मग भोकात हात घातला. "मास्तरांनी आत कापड भरलंय बघा. आवाज घुमू नये म्हनून भरत्यात." आणि एक चौकोनी गादीसारखा तुकडा ओढून काढला.

हिरवा. पिवळा काठ.

मी ओळखलं नाही असं म्हणायचा प्रयत्न केला. मनातल्या मनात. तो एकामागून एक काढत गेला आणि माझ्या पायाशी ठेवत गेला. सहा निघाले. "दुसऱ्यातपन असत्याल," म्हणाला, आणि त्यातूनही सहा काढले. कोपऱ्यावरची तीन टोकांची फुलं, आईनं लावलेली, चारही त्यात होती.

कानिफनाथ विचारत होता, वहिनी, पानी देऊ का.

स्नेहल, आता पुरे. झाकण लाव पेनाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

१७२, खाली १०४. नर्सबाईनं दुसरी गोळी दिली. बाकी काही सांगायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बाजेवर बारा तुकडे मांडले आणि बघत बसले.

ह्या माणसानं माझी ट्रंक उघडली, आईची गोधडी काढली, कात्रीनं बारा तुकडे केले आणि पेट्यांत भरले. मग मी घरभर रडत शोधत होते तेव्हा माझ्याबरोबर माळ्यावर चढून शोधू लागले. पारावर बनू खाली बघत होती तेव्हा माझ्या मागं उभे होते. टोपी हातात घेऊन. घरी आल्यावर त्यांनी कॅसेट लावली होती. कोणती ते आठवत नाही. आवाज छान येतो ना, एवढं मात्र विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

हे झालं एक. दुसरं आज दुपारी दिसलं.

आईचे टाके मला पाठ आहेत, तांदळाएवढे, सरळ रांगेत. पण तुकड्यांच्या कडा दुमडून पांढऱ्या दोऱ्यानं बंद केल्यात, दशा निघू नयेत म्हणून. तो टाका पुरुषाचा नाही. रवीच्या वडिलांना बटण लावता येत नव्हतं. माझाही नाही. माझा टाका उजवीकडं झुकतो, सगळ्या बायांचा झुकतो. हा डावीकडं झुकलाय, बाराच्या बारा तुकड्यांवर. अक्षर कुणाचं ते मला सांगता यायचं नाही, टाका कुणाचा ते अंधारात बोट फिरवून सांगीन. ह्या घरात डावऱ्या हातानं शिवणारी एकच बाई होती.

मग मी काय समजायचं? बनू तर थोरल्या दिरासमोर पदर पुढं ओढून भिंतीला चिकटून जायची. चहाचा कप माझ्या हातून पाठवायची. मग ती त्यांच्यासाठी बारा तुकडे शिवायला कधी बसली? मी कुठं होते तेव्हा? दोघांचं काय ठरलं होतं? छत्तीस वर्षं मी शेळीशी बोलत होते आणि ती दोघं माझ्या पाठीमागं काय बोलत होती?

स्नेहल म्हणते, आजी, असलं नको लिहायला. म्हटलं लिही. बीपीचा आकडा खरा लिहायचा आणि हे खोटं लिहायचं का?

जेवले नाही. पलीकडून बनू म्हणाली, "ढवळे, आज भाकरीचा वास न्हाई आला. चूल आजारी हाय का?" शेळी माझ्याकडं बघत राहिली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

१५८.

कानिफनाथ गादीवाल्याकडून पांढरा कापूस घेऊन आला. स्पीकर बसवले, सुटलेली तार डाग देऊन जोडली. मग दोन्ही पेट्या एकाच तारेवर घेतल्या. पहिलीतून निघालेली तार दुसरीत, तिथून परत.

"चार अन् चार आठ," म्हणाला. "आवाज थोडा कमी यील, पर दिवसभर तापायचं न्हाई. फक्त एक हाय, एक बंद पडला की दुसराबी गप."

"मग हे आमच्या घरात चालायचं नाही. इथं एक गप बसली की दुसरीचा आवाज वाढतो."

तो हसला आणि बाजेवरच्या तुकड्यांकडं बघून म्हणाला, "वहिनी, मला नंतर आठवलं, त्या येळंला हे तुकडं बघून मी मास्तरांना म्हनलो हुतो, वहिनींनी काय सुबक शिवलंय."

"मग ते काय म्हणाले?"

"काय न्हाई. फक्त म्हनाले, घरातल्या बाईनं दिलं शिवून. अन् विडी पेटवायला भाईर गेले. मला वाटलं तुम्हीच." तो थांबला. "तुम्ही न्हवता व्हय?"

मी त्याला अजून एक चहा घेतोस का विचारलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आकडा घेतला नाही.

तुकडे पदराखाली घेऊन बनूकडं गेले. छत्तीस वर्षांनी तिचा उंबरा ओलांडला. आत तिच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या. ती मेथी निवडत होती. मला बघून दचकली, पण हात थांबवला नाही. डावा हात.

मी शेळीकडं बघून म्हटलं, "ढवळे, तुझ्या बाईला विचार, हा टाका कुनाचा."

तिनं एक तुकडा उचलला, उलटा केला, बोट फिरवलं. शेळीकडं बघितलं नाही. म्हणाली, "माझा, अक्का."

बसले मी.

"दादा दुपारी आले," ती म्हणाली. "तू रानात गेल्तीस. माझ्याशी ते कधी बोलले न्हवते, त्या दिशी बोलले. म्हनाले, जुनं कापड हाय, कडा बंद करून दे. मी बघितलं तर ही. म्हनलं, दादा, ही अक्काच्या आईची. त्यांचं तोंड असं झालं… त्यांना ठावच न्हवतं गं. ट्रंकेत तळाला पडलेली, कधी पांघरलेली बघितली न्हाई, त्यांना वाटलं जुनेर हाय. म्हनाले, आता कापून झाली, मी सांगतो तिला. दोन दिसांत सांगतो."

"अन् तू शिवलंस."

"दीर उभा हाय दारात, हातात बारा तुकडं. काय करू? शिवलं."

"मग पारावर का न्हाई बोललीस?"

"तू म्हनालीस, कुठं हाय ते ठाव न्हाई असं म्हन अन् भंडाऱ्यावर हात ठेव. मला ठाव हुतं. खंडोबासमोर खोटं कसं म्हनू?"

"खरं सांगायचं."

"दादा तुझ्यामागं उभे हुते. मी वाट बघत हुते, आता बोलत्याल, आता बोलत्याल." तिनं मेथीची काडी मोडली. "न्हाई बोलले. मग मी तरी काय बोलू? तुझं तोंड मला म्हाईत न्हाई का? तू त्या मान्साला त्या दिशी जित्ता सोडला नसता."

हे खरं आहे.

"नंतर तरी," मी म्हटलं.

"नंतर भिंत आली. अन् तू मला नंतर काय विचारलंस कधी? जे विचारायचं ते शेळीला."

मी म्हटलं, "मेथीत गवत लई हाय," आणि थोडी निवडू लागले. जुडी संपली तशी उठून आले. तुकडे तिच्याकडंच राहिले.

सगळ्यात जास्त मला काय लागलं सांगू? रविवारी मी त्या दोघांवर जे लिहून घेतलं ते. स्नेहल ते पान फाडायला निघाली होती. म्हटलं राहू दे. माझा आकडा आहे तो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

१४६.

आज पेट्या सकाळपासून जेवणापर्यंत वाजवून बघितल्या. ॲम्प्लिफायर कोमट, बस. मग मी रवीला म्हटलं, माईक कुठं लावतात ते दाखव.

"माईक कशाला? गानी लावायची न्हाईत व्हय?"

मी सांगितलं कशाला. तो उभाच राहिला.

"आई, मी चुलतीच्या पाया पडतो. तू तिच्या घरात जाऊन माफी माग. पर गावात कशाला? मेलेल्या मान्साचं नाव… लोक काय म्हनत्याल? मी ह्या गावात डेअरीला दूध घालतो, मला तोंड दाखवायचंय."

"मी तिला घरात जाऊन चोर म्हनले हुते का? पारावर म्हनले."

"तेव्हाची मानसं तरी हायेत का? अर्धी गेली वर. उरलेली ऊस तोडायला गेली. ऐकनार कोन?"

हे मात्र त्यानं बरोबर बोट ठेवलं. दसऱ्यानंतर गाव रिकामंच असतं. पारावरच्यांपैकी चालते-बोलते उरलेत ते एक आप्पासाहेब, तेही काठीवर.

"एक तर एक," म्हटलं.

रवी बाहेर निघून गेला. जेवायला आला नाही. तो बापासारखा आहे, वाईट नाही, फक्त दोन दिवसांत सांगतो म्हणणारा.

मीही काही शूर नाही. काल रात्रभर विचार केला की नुसतं म्हणावं, गोधडी बनूनं घेतली नव्हती, आणि गप बसावं. पण मग लोक विचारतील, मग कुणी घेतली. आणि पुन्हा बनूकडंच बघतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

जीप नवाला आली. सत्यशीला पिशव्या भरत होती. बनू ढवळीची दोरी धरून उभी, हिला कुणाकडं द्यायचं म्हणून.

रवी ओट्यावर आला. माझ्याशी बोलला नाही, पण ॲम्प्लिफायरचं बटण त्यानंच दाबलं आणि पेट्यांची तोंडं रस्त्याकडं वळवली. स्नेहलनं माईक हातात दिला. त्यातून माझा श्वासच आधी बाहेर पडला, दोन्ही पेट्यांतून, बैलाएवढा.

काय बोलले ते स्नेहलनं जसंच्या तसं लिहावं, सरळ करू नये.

"मी गोजरबाई बोलती. छत्तीस सालाखाली मी पारावर बनूला चोर म्हनले. बनूनं गोधडी घेतली न्हवती. ती चोर न्हाई. मी खोटी पडले. गोधडी…"

इथं थांबले. पेट्यांतून नुसती घरघर येत होती. पंचावन्न वर्षं जे नाव तोंडातून काढलं नाही, उखाण्यातसुद्धा हसून टाळलं, ते घ्यायचं होतं. रवीचे वडील म्हटलं असतं तर रवीकडं बघितलं असतं लोकांनी. हे, ते, मालक, त्यानं भागत नाही. चोरी धुवायची तर नाव लागतं.

"गोधडी भिमाजीनं कापली. माझ्या नवऱ्यानं. अन् तो पारावर उभा हुता अन् बोलला न्हाई. बनूला ठाव हुतं, ती आमच्यासाठी गप बसली. एवढंच."

गावभर गेलं असेल. देवळावरचे पारवे उडाले, कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. आप्पासाहेब त्यांच्या दारात काठीवर उभे होते, त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. रवी जमिनीकडं बघत होता.

बनूनं जीपच्या दांडीवर ठेवलेला पाय काढला. ओट्यापाशी आली. मला वाटलं रडेल, किंवा मी रडेन.

"अक्का," म्हणाली, "बंद कर ते. जितराबं बुजल्यात."

माईक चालूच होता. तेही गावभर गेलं.

मग ढवळीची दोरी माझ्या हातात दिली. "हिला ठेव. आपलं सगळं हिला ठाव हाय. अन् तुकडं मी घेऊन चालले. संगमनेरला मला दुसरं काय काम हाय. गोधडी न्हाई हुयाची, आखूड पडंल. बाळाचं दुपटं हुईल, स्नेहलच्या येळंला."

स्नेहल लिहिताना लाजते आहे. लिही.

जीप गेली. गाणी लावली नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

१३६, खाली ८४. नर्सबाई खूश.

सकाळी ओट्यावर चहा घेत बसले आणि सवयीनं ढवळीला म्हटलं, काय गं, तुझी बाई उठली का. शेळी माझ्याच अंगणात बांधलेली. पलीकडं कुलूप. उत्तर कुठून येणार?

स्नेहलला म्हटलं, फोन लाव संगमनेरला.

"काय सांगायचंय, आजी?"

"काही नाही. चहा झाला का एवढं विचारायचंय. मीच विचारते, दे इकडं."